शिकराचा वरचा भाव

प्रेमनगरात अरुंधती देवस्थळींना लोक मागून 'रेटवाली दीदी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग येत नसे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. निविदा आली की तिच्यातला भाव वाजवी आहे की नाही हे तपासायचं आणि फायलीवर चार ओळी लिहायच्या, असं ते काम. निवृत्त झाल्यावर फाइल सुटली, सवय सुटली नाही. भाजीवाल्याने तोंडली ऐंशी रुपये सांगितली की त्या घासाघीस करत नसत. विचारत, "भैया, ये अस्सी कैसे बना?" तो आधी गोंधळे, मग मंडईतला भाव, टेम्पोचं भाडं, सडून जाणारा माल असं सगळं सांगत बसे. ऐकून झालं की बाई ऐंशी रुपये मोजून तोंडली घेऊन जात. भाव कमी व्हावा असं त्यांना वाटत नसे. तो आला कुठून, ते कळलं म्हणजे झालं.

वडील भुसावळहून बदली होऊन झाशीला आले, तेव्हा ही लाइन मध्य रेल्वेत होती. ते इंजिन ड्रायव्हर होते. पुढे लाइन दुसऱ्या रेल्वेत गेली, वडील गेले, आई गेली, आणि प्रेमनगरच्या घरात अरुंधतीबाई एकट्या उरल्या. लग्न केलं नव्हतं. अलीकडे भावाची मुलगी रेवा भोपाळहून येऊन राहिली होती. तिला इथल्या एका बँकेत नोकरी लागली होती. रेवाला मराठी सगळी कळे, पण बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला हिंदी येई.

बाई पन्नाशीत गाडी चालवायला शिकल्या. एक जुनी छोटी गाडी घेतली आणि रविवारी सकाळी ओरछ्याच्या रस्त्याने, कधी दतियाला, उगीच जाऊन येऊ लागल्या. देवदर्शन हे सांगायला असे. खरं म्हणजे त्यांना वळणं घ्यायला आवडत. वळणाआधी गिअर खाली आणायचा आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनाने जरा जोर धरायचा, हे त्यांना फार आवडे. याविषयी त्या कोणाशी बोलत नसत. बोलणार कोणाशी?

शिकरा बाजारात आली त्या दिवसांत रेवाने फोनवर तिची चित्रफीत दाखवली. आपल्याच देशातल्या एका कंपनीची पहिली स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोनच सीट, जमिनीला चिकटून चालणारी, आणि सहा गिअर, तेही हाताने टाकायचे. बाईंनी ती चित्रफीत तीनदा बघितली.

"आत्या, तू खरंच विचार करतेयस की काय?" रेवा म्हणाली.

"किंमत किती म्हणाले?"

"उन्नीस लाख चालीस हजार."

निवृत्तीचे पैसे बँकेत पडून होते. त्यांचं काय करायचं हे आजवर ठरलं नव्हतं.

ग्वाल्हेर रस्त्यावरच्या शोरूममध्ये त्या रिक्षाने गेल्या. नारिंगी रंगाची एक शिकरा काचेआड उभी होती. सलोनी नावाची सेल्सगर्ल पुढे आली. सव्वीस-सत्तावीसची, हातात पाण्याचा ग्लास आणि चेहऱ्यावर तयार हसू.

"बेटे के लिए देख रही हैं, आंटी?"

"अपने लिए."

सलोनीचं हसू क्षणभर थांबलं आणि मग वेगळंच, खरंखुरं हसू आलं. तिने दार उघडून दिलं. बाई आत बसल्या. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, क्लच दाबला, एक, दोन, तीन, बंद गाडीतच गिअर बदलून बघितले. दांडा मोजकाच हलत होता आणि प्रत्येक खाचेत नीट बसत होता. चौतीस वर्षं लोखंडी सुटे भाग पाहिलेल्या हाताला ते लगेच समजलं.

मग मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलणं झालं. अक्षतजी नावाचे तरुण गृहस्थ होते, बोलायला गोड. छापील भावाने गाडी हवी असेल तर चौदा महिने थांबावं लागेल, म्हणाले. लगेच हवी असेल तर एक गाडी येत्या आठवड्यात निघू शकेल. त्यासाठी सीट कव्हर, मॅट, अत्तराची बाटली, कसलीशी पॉलिश असं एक 'पॅकेज' घ्यावं लागेल, आणि थोडे हँडलिंगचे. सगळं मिळून वर दोन लाख दहा हजार.

"ये दो लाख दस हज़ार कैसे बना?" बाईंनी विचारलं.

"डिमांड है, मैडम."

"मागणी आहे म्हणून वाढला, हे कळलं," बाई हिंदीतच, पण फायलीवर लिहावं तशा सावकाश म्हणाल्या. "पण दोन दहाच का? दीड का नाही? तीन का नाही?"

अक्षतजींनी पेन फिरवलं, हसले, पुन्हा म्हणाले, "डिमांड है." त्यांना खरोखरच दुसरं काही सांगता येत नव्हतं, असं बाईंना वाटलं. त्यांनी छापील भावाने नाव नोंदवलं, पावती घेतली. रांगेत अडतिसावा नंबर लागला.

घरी आल्यावर रेवा चिडली. "ये तो लूट है, आत्या. तक्रार कर."

"लूट आहे की नाही, ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. "आधी भाव कसा लागतो ते बघू दे."

त्यांनी ग्वाल्हेरला फोन केला, तिथे वरचे एक लाख ऐंशी होते. कानपूरला तीन लाख. गाडी तीच, कारखाना तोच, अत्तराची बाटलीसुद्धा तीच असणार. पुढच्या आठवड्यात नोंदणीच्या एका सहीसाठी त्या पुन्हा शोरूममध्ये गेल्या, तर सीपरी बाजारातले एक मिठाईवाले गाडी घ्यायला आले होते. मुलाचं लग्न नोव्हेंबरात होतं. गाडीला झेंडूचे हार घातले जात होते. सोफ्यावर शेजारी बसून बाईंनी सरळ विचारलं, "भाईसाहब, ऊपर के कितने दिए?"

आजूबाजूच्यांना वाटलं, माणूस आता रागावणार. मिठाईवाल्यांनी उलट आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "साढ़े तीन लाख, बहनजी. झाँसी की पहली गाड़ी है."

ही गोष्ट बाईंच्या डोक्यातून जाईना. नोकरीत त्यांनी भाव चढवून लावणारे बघितले होते, पण ते आपला भाव लपवत. इथे चढा भाव देणारा तो मिरवत होता. म्हणजे ते साडेतीन लाख त्याने गाडीसाठी दिलेच नव्हते. 'पहिली' या शब्दासाठी दिले होते. मग आपले दोन लाख दहा हजार कशासाठी होते?

याचं उत्तर सलोनीकडून मिळालं. कागदावरची एक चूक दुरुस्त करून घ्यायला ती एका शनिवारी प्रेमनगरला घरी आली. बाईंनी तिला मुगाची धिरडी खायला घातली. ती म्हणाली, आमच्याकडेही होतात, चीला म्हणतात, पण इतकी पातळ नाही होत. दुसरं धिरडं ताटात पडल्यावर ती एकदम म्हणाली, "आंटी, वो दो दस मैंने बताया था सर को."

"तू?"

"इशारे से. हमारा इशारा होता है." ती मान खाली घालून खात राहिली. "आप गाड़ी में ग्यारह मिनट बैठी थीं. और उतरकर आपने दरवाज़ा ऐसे बंद किया, जैसे अंदर कोई सो रहा हो."

बाईंनी तवा खाली उतरवला आणि तिच्या समोर येऊन बसल्या. रागाचं नावही नव्हतं. नवी, जाडजूड फाइल टेबलावर आली की जसं व्हायचं तसं त्यांना झालं होतं.

"मग तीन का नाही सांगितलेस?"

"आप ऑटो से आई थीं. अकेली थीं, कोई ज़िद करने वाला साथ नहीं था. और आपने माइलेज पूछा था." सलोनी हसली. "माइलेज पूछने वाला तीन नहीं देता."

मग तिने सगळंच सांगितलं. लग्नाची तारीख ठरलेला माणूस सगळ्यांत जास्त देतो. मुलाला घेऊन आलेला बाप त्याच्या खालोखाल. दुसऱ्या शहरात चौकशी करून आलेल्याला कमी सांगायचं. वरच्या पैशांतले बरेच शोरूम ठेवतं, कारण साध्या गाड्यांवर फारसं सुटत नाही. थोडे मॅनेजरला, आणि महिन्याचा आकडा गाठला तर तिला दोन-तीन हजार. तिच्या पगारावर सीपरीत आईचं औषध आणि भावाचं कॉलेज चालत होतं. हे तिने तक्रार म्हणून नाही, हिशेब पूर्ण व्हावा म्हणून सांगितलं.

"और जो रुक सकता है, आंटी, उससे हम कुछ नहीं ले सकते," उठताना ती म्हणाली.

ती गेल्यावर बाई बराच वेळ ओट्याशी उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या समजत होत्या की भाव वस्तूत असतो. लोखंड किती, मजुरी किती, वाहतूक किती, की झालं. आता कळत होतं की त्याचा एक भाग घेणाऱ्याच्या अंगावर असतो, आणि त्याला स्वतःला तो दिसत नाही. दार हळू लावलं त्याचे काही हजार. माइलेज विचारलं त्याचे काही हजार वजा. गंमत वाटली आणि थोडं उघडं पडल्यासारखंही वाटलं.

"मग आता थांबणार?" संध्याकाळी रेवाने विचारलं.

"थांबते. वरचा भाव किती दिवस टिकतो ते तरी कळेल."

"आत्या, पैसे हैं तेरे पास. आणि तू साठ की आहेस."

"एकसष्ट."

"वही तो." रेवा जरा मऊ झाली. "गाडी किती खाली आहे बघितलंस ना? दो साल बाद उसमें से उठता येईल का तुला?"

हा प्रश्न बाईंनी मनावर घेतला. थांबण्यालाही किंमत असते आणि ती रांगेतल्या प्रत्येकाला वेगळी पडते, हे त्यांच्या आधी ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी पाटावर बसून, हात न टेकता उठायला लागल्या. पहिले आठ दिवस भिंत धरावी लागली. महिन्याभरात दहा वेळा उठणं जमू लागलं. आणि दर सोमवारी अकरा वाजता त्या शोरूमला फोन करून आजचा वरचा भाव विचारू लागल्या. तिथले लोक कंटाळले, मग त्यांना सवय झाली. अक्षतजी फोन उचलून स्वतःच सांगत, "मैडम, आज एक सत्तर."

लग्नाचा मोसम संपला आणि भाव दीडवर आला. होळीनंतर कंपनीने उत्पादन वाढवलं, तेव्हा तो ऐंशी हजारांवर उतरला. मे महिन्यात दुसऱ्या एका कंपनीने तशीच गाडी आणायची घोषणा केली आणि रांगेतली माणसं भराभर नावं काढून घेऊ लागली. जूनमधल्या एका सोमवारी अक्षतजी म्हणाले, "मैडम, ऊपर का कुछ नहीं. कल ले जाइए. मैट भी हमारी तरफ़ से."

बाई गेल्या. गाडी उभी होती, पांढरी, लखलखीत. आत बसल्या आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. गिअरचा दांडा नव्हता. नुसतं एक बटणासारखं चाक होतं.

"अब सिर्फ़ ऑटोमैटिक आ रही है, मैडम," अक्षतजी म्हणाले. "गियर वाली बंद कर दी कंपनी ने. ज़्यादा लोग ऑटोमैटिक ही माँगते हैं."

बाई गाडीतून उतरल्या, नाव काढून घेतलं, नोंदणीचे पैसे परत घेतले आणि रिक्षाने घरी आल्या. वरचा भाव कसा वाढतो, कसा उतरतो, हे सगळं त्यांनी नीट पाहिलं होतं, आणि तेवढ्यात जी गाडी हवी होती ती निघून गेली होती. रेवाने समजूत घालायला काही सुरुवात केली, पण बाईंचा चेहरा बघून ती उठली आणि चहा करून घेऊन आली.

ऑगस्टमध्ये सलोनीचा फोन आला. शोरूमकडून नव्हे, तिचा तिचा. "आंटी, एक गियर वाली खड़ी है. नारंगी. हमारे ही मोहल्ले में."

श्यामसुंदर नावाच्या माणसाचं सीपरी बाजारात स्कूटर-मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, बोलण्यात बुंदेली. त्याने पहिल्याच महिन्यात वर दोन लाख देऊन शिकरा उचलली होती, बायको भानुमतीच्या नावावर. चालवायला नाही, त्याला चारचाकी चालवताच येत नव्हती. लग्नाच्या मोसमात वर चार लाख घेऊन विकायची, असा बेत होता. ललितपूरचं एक गिऱ्हाईक पक्कं झालं आणि ऐन वेळी फिरलं. मग भाव घसरू लागला. आज उद्या चढेल म्हणून तो थांबला, आणि गाडी दुकानामागच्या गोदामात ताडपत्रीखाली उभी राहिली.

सलोनीने बाईंना तिथे नेलं. ताडपत्री निघाली. टायर बसले होते, बॅटरी मेली होती, काचेवर धुळीचा थर. मीटरवर सत्तावीस किलोमीटर. बाईंनी आत बसून क्लच दाबला, गिअर बदलून बघितले. खाचा तशाच नेमक्या होत्या.

"जिज्जी, अब तुमसें का छिपाएँ," श्यामसुंदर म्हणाला. "कर्ज उठाकें लई थी. ग्वालियर को दलाल चौदह लाख कह रओ है."

बोलताना तो गाडीच्या टपावरची तीच एक जागा फडक्याने पुसत होता. दोनदा त्याने खिशातला फोन काढून बघितला आणि परत ठेवला. गोदामाच्या दारात भानुमती चहाचे पेले घेऊन उभी होती. चहा द्यायचा सोडून ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

आणि बाईंना आकडा दिसला. न मागता, न शोधता, लख्ख दिसला. साडेचौदा. साडेचौदा म्हटलं की हा माणूस आत्ता, या क्षणी हो म्हणेल. त्यांनी सलोनीकडे पाहिलं. तिलाही तोच आकडा दिसला होता, हे तिच्या डोळ्यांवरून कळलं. कोणाचं तरी पाकीट चुकून फोडून आतलं पत्र वाचावं, तसं बाईंना ओशाळल्यासारखं झालं.

"कागद आहे का?" त्यांनी विचारलं.

श्यामसुंदरने बिलबुकाची मागची कोरी बाजू पुढे केली. बाईंनी छापील भाव लिहिला. त्यात रजिस्ट्रेशन आणि पहिल्या वर्षाचा विमा मिळवला. मग वजाबाकी सुरू केली: विम्याचे संपलेले महिने, नवी बॅटरी, चार टायर, कागदावर दुसऱ्या मालकाचं नाव लागलं की जेवढं उतरतं तेवढं. प्रत्येक ओळ त्या मोठ्याने वाचत होत्या. खाली रेघ मारली आणि आकडा लिहिला. साडेसतरा लाख.

श्यामसुंदरने कागद हातात घेतला, खालून वर वाचला, मग वरून खाली. त्याला काहीतरी फसवाफसवी वाटत असावी. शेवटी म्हणाला, "जिज्जी, ईमें हमाए बे ऊपर के दो लाख कहाँ हैं?"

"वो नहीं हैं, भैया. वो गाड़ी में कभी थे ही नहीं."

त्याने कागदाची घडी घातली. मग पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं, होकाराची मान हलवली आणि म्हणाला, "हओ." भानुमतीने चहा पुढे केला. तो एव्हाना निवला होता, पण सगळ्यांनी तसाच घेतला.

बाहेर आल्यावर सलोनी म्हणाली, "आंटी, साढ़े चौदह में दे देता."

"हो, माहीत आहे," बाई मराठीतच म्हणाल्या, आणि सलोनीला ते कळलं.

रेवाने घरी हेच विचारलं, जरा जास्त जोराने. तीन लाख म्हणजे काय थोडे झाले? कीव आली म्हणावी, तर तसं नव्हतं. श्यामसुंदरची त्यांना फारशी कीव आली नव्हती, त्यानेही तोच धंदा केला होता. "जेवढं बनतं तेवढं दिलं," त्या म्हणाल्या. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत त्या स्वतःच विचार करत होत्या की आपण साडेचौदा का म्हटलं नाही. हिशेबाची ती एक बाजू त्यांना लागत नव्हती, आणि लागत नाही याचंच त्यांना कुतूहल वाटत होतं.

कागदपत्रं, बॅटरी, टायर यांत महिना गेला. गाडी प्रेमनगरच्या गल्लीत आली तेव्हा वळणावरच्या गतिरोधकाला तिचं पोट खर्रकन घासलं आणि समोरचे पाच जण बाहेर आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो गतिरोधक तिरका घ्यायची युक्ती शोधून काढली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी त्या रेवाला घेऊन बबीन्याच्या रस्त्याला लागल्या. बबीन्यापर्यंत जायचं, छावणीच्या बाजारात चहा घ्यायचा आणि परतायचं, असं ठरलं होतं. शहर मागे पडेपर्यंत बाई तिसऱ्या गिअरवरच होत्या. मग रस्ता मोकळा झाला. चौथा टाकला, पाचवा टाकला. इंजिनाचा आवाज पाठीतून वर येत होता. लष्कराच्या ट्रकांची एक रांग लागली तेव्हा त्यांनी घाई केली नाही. रस्ता दिसेपर्यंत मागे राहिल्या आणि मग चौथ्यावर येऊन, एकेक करत, सगळे मागे टाकले. रेवाने दाराची कडी घट्ट धरली होती.

"आत्या, डर नहीं लगता?"

"वाटते थोडी," बाई म्हणाल्या.

बबीन्याला त्यांनी चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीकडे बघत दोन बिस्किटं आपल्या मनाने जास्त ठेवली. पेला परत देऊन बाई आत बसल्या, किल्ली फिरवली, आणि झाशीच्या दिशेला तोंड करायच्या आधी थांबल्या.

"इथून ललितपूर किती गं?"

रेवाने फोनमध्ये बघितलं. "पैंसठ किलोमीटर."

"बँक किती वाजता तुझी?"

"आज इतवार आहे, आत्या."

बाईंनी आरसा जरासा खाली केला, मागे पाहिलं, आणि पहिला गिअर टाकला.